तेलातला थांबा

थिजलेल्या खोबरेलात बोटाचा ठसा.

बावीस सायलेन्सर, बाविसांच्या डोक्यावर उपडे डबे. उंदीर शिरू नयेत म्हणून.

शेडच्या वाशात खोचलेलं गंजकं दाभण.

भिंतीवर पाटी: ‘हँडल फक्त यादव ढोमसे यांनीच मारावे.’

यादवला खटकली ती ही पाटी.

निफाडची थंडी आता पूर्वीसारखी चार पहाटांची पाहुणी राहिली नव्हती. तीन महिने जमीन दगड व्हायची आणि बावीस ट्रॅक्टर शेडमध्ये बसून राहायचे. उन्हाळ्यात ते चालवायचे आणि हिवाळ्यात जपायचे, दोन्ही कामं यादवची. बॅटऱ्या काढून लाकडी फळीवर, क्लचला पाचर, टाक्या काठोकाठ, म्हणजे आत दव धरत नाही. दर आठवड्याला हँडल मारून इंजिन फिरवायचं, नाहीतर ते जाम होतं.

यातलं काहीही कोणीही करावं. मग हँडललाच फक्त आपला हात का? मागच्या आठवड्यात तो तापाने फणफणला होता, तर इंजिनच्या तेलावर संशोधन करणाऱ्या डॉ. इरावती सामंत यांनी जीप धाडून त्याला घोंगडीसकट उचलून आणलं होतं.

“मॅडम, एवढी माया कशापायी? जावयाचाबी एवढा मान नसतो.”

ती हसली. टेबलावरच्या खोबरेलाच्या डबीत तिने बोट दाबलं. “हा ठसा ऊन लागलं की जातो. आमच्या तेलातला जात नाही. त्यात बारीक कण आहेत. थंडीत तेल घट्ट असताना तुम्ही इंजिन जसं फिरवाल, तसे ते रांगा धरून बसतात. स्मरणतेल म्हणतो आम्ही याला. कुठे जोर, कुठे सबुरी, सगळं त्यात उमटतं. फाल्गुनात ट्रॅक्टर तसाच चालेल. आपला आपण.”

“म्हंजे माझा हात बसतोय त्यात.”

“अगदी बरोबर!”

“आन् हात बसला, का मी घरी बसणार.”

“असं कसं, यादवदादा? तुमचं काहीतरी बघूच की.”

‘बघू’चा अर्थ चौपन्नाव्या वर्षी त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

“एक विचारू?” ती म्हणाली. “अर्धा फेरा मारून तुम्ही थांबता, मागच्या चाकाशी जाऊन बघून येता. कशासाठी?”

“सवय.”

“लाखमोलाची आहे हो. तो थांबा तेलात उमटला, की ट्रॅक्टरही तिथेच थांबेल. कॅमेऱ्यातून मागे बघेल, मगच हलेल.”

यादवने डबीला झाकण लावलं. मनात म्हणाला, बाकी सगळं न्या. तेवढं नाही द्यायचो.

नवा ठसा जुन्यावर बसतो, हेही पुढे तिच्याच बोलण्यात आलं. त्या आठवड्यापासून तो आधीच मागे बघून घ्यायचा, मग हँडलला हात. एका दमात पुरा फेरा. तेलाला पत्ता लागू द्यायचा नाही. असे सात आठवडे, बावीसही इंजिनं.

फाल्गुनात डबे उतरले. एकवीस ट्रॅक्टर सकाळीच आपापल्या गावांना निघून गेले, सीट रिकाम्या. अकरा नंबरची बॅटरी उतरली होती, म्हणून तो मागे राहिला. दुपारी बॅटरी जोडली. मागच्या चाकाखालचे ठोकळे काढायला इरावती स्वतःच वाकली.

“मॅडम, मागून सरका!”

“अहो, बघेल तो. तुमचाच हात आहे.”

इंजिन आपोआप सुरू झालं. थांबा आला नाही.

यादवने तिला दंडाला धरून ओढलं, दोघं भिंतीवर आदळली. ती वाकली होती तिथून चाक मागे गेलं आणि ठोकळे चुरून मागच्या खांबाला अडलं.

“हा थांबला का नाही?” तिने चुरलेल्या ठोकळ्यांकडे बोट केलं. “यादवदादा, तुमचा थांबा कुठे गेला?”

तो दाराबाहेर बघत होता. रस्त्यावर एकवीस जोडी चाकांच्या नक्ष्या होत्या, एकवीस गावांकडे गेलेल्या.

नऊ वर्षांपूर्वी यादवची बायको हौसा, सावली बघून, अकरा नंबरच्या मागच्या चाकाशी वाशातल्या त्याच दाभणाने पोती शिवायला बसली होती, आणि यादवने मागे न बघता हँडल मारलं होतं.