उलटा अर्धा फेरा

मामाच्या वर्कशॉपमध्ये जुनं लेथ मशीन आलं, त्या दिवशी मला आनंद झाला होता. शाळा सोडल्यापासून तीन वर्षं मी तिथे लोखंडाचा चुरा झाडत होतो. मामा म्हणाला, "शनिवारपर्यंत चालू करून दाखव. जमलं तर यावर तू उभा राहशील. नाहीतर घरी परत. आईला सांगेन, तुझ्या पोराला झाडूच पेलतो."

मी मान हलवली.

दोन दिवस नुसती सफाई केली. रॉकेलात चिंध्या भिजवून मशीनचा बेड पुसला, चिकट काळा थर पत्र्याच्या तुकड्याने खरवडला. गंजाखालचं लोखंड चांगलं होतं. गिअरपेटीतलं जुनं तेल काढलं, तेव्हा मात्र केस जळल्यासारखा वास आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. मशीन सुरळीत फिरलं. बंद केलं, जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, पकडणारं चक थांबलं, आणि सावकाश अर्धा फेरा उलटं फिरलं. कापणारं टूल जॉबला टेकलेलं होतं. त्याची धार उडाली.

बेअरिंग बघितली. गिअरचे दाते तपासले. शेवटी वीज तोडली, बेल्टही उतरवला आणि चक हाताने फिरवून सोडून दिलं. ते थांबलं. मग कोणीतरी दातओठ खाऊन ढकलावं तसं उलटं आलं. अर्धाच फेरा.

मशीन पातळीत बसवायला एक म्हातारा फिटर आला होता. आधीच्या कारखान्यात तो याच मशीनशेजारी काम करायचा. ते बघून त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"या मशीनवरचा टर्नर बाहीसकट चकमध्ये ओढला गेला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "माणूस अडकला की मशीन बंद करायचं आणि चक उलटं फिरवायचं. मग कापड सुटतं. बंद केलं आम्ही. पण चक फिरवायला... कोणाचा हातच पुढे झाला नाही. चौघं उभे होतो. तो एकटाच डाव्या हाताने फिरवत होता. अर्धा फेरा झाला. मग जीव गेला त्याचा."

मामा दारातून ऐकत होता. "मग काय आता त्याला हजेरीपटावर घ्यायचं? खटका बसव रे. उलटं फिरणंच बंद."

"नको पोरा," फिटर म्हणाला. "तेवढं एकच करतोय तो..."

मामाने माझ्याकडे बघितलं. "झाडू कोपऱ्यात आहे अजून."

आईने शेजारणीला सांगून ठेवलं होतं, पोरगा टर्नर होणार. फिटर पिशवी उचलून गेला. मी स्प्रिंगचा खटका केला आणि मागच्या गिअरवर बसवला. आता चक एकाच दिशेने फिरणार होतं.

मशीन चालवून बंद केलं. चक उलटं वळायला गेलं. खट. अडलं. पुन्हा खट. सगळी दुपार तो आवाज येत राहिला, आत कोंडलेल्या माणसाने दार ठोकावं तसा. मी लोखंडावर हात ठेवला. ते थरथरत होतं. "माफ करा," मी म्हणालो. संध्याकाळी आवाज थांबला.

"बघ, कंटाळला," मामा हसला.

शनिवारी जॉब अचूक निघाला. मामाने स्वतः आईला फोन केला. ती रडली म्हणे.

याला महिना झाला. मशीन माझं आहे. उलटं कधी फिरत नाही. पण काम संपवून चकच्या खाचा पुसायला मी हात घातला, की ते सुलटं फिरायला लागतं. माझ्या बाजूला, बाही आत ओढणाऱ्या त्याच दिशेने. आधी बोटभर फिरायचं. काल वीतभर फिरलं. वायर मी स्वतः काढून ठेवली होती.

मामाला दाखवलं. तो दारातूनच म्हणाला, "सुलटंच फिरतंय ना? मग रडतोस कशाला?"

"जवळ येऊन बघा ना," मी म्हणालो.

तो आला नाही. बाकीचे कामगारही, मी चिंधी हातात घेतली की, चार पावलं मागे सरकून उभे राहतात.