दोघांचं एकच दुखणं

जळगावच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात वाळ्याचे पडदे सोडले होते, तरी चैत्राची धग आत येतच होती. यशोदा बाकाच्या टोकाला बसली होती... पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून. शेजारी तिची आत्या, भिकुअक्का, पेंगत होती.

कुबडी टेकत एक तरुण आला. पायजम्याचा डावा पाय गुडघ्यापाशी दुमडून टाचणीने बंद केलेला. तो समोरच्या बाकावर बसला. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "गाडीखाली सापडलास का रे?"

"नाही, बाबा. कॅन्सर होता. मुंबईला पाय काढला."

म्हाताऱ्याने पिशवी उचलली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

तरुण काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पडद्याकडे बघत राहिला. पण त्याचे कान लाल झाले होते. यशोदा उठली आणि त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली.

"हा आजार लागत नाही बरं का," तो हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे." तिने गळ्यावरचा पदर सैल केला. "मलाही तोच झाला होता... गळ्याला."

दोंडाईच्याच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे. तिच्या वडिलांनी, सुकदेव आबांनी, सगळ्यांना 'साधी गाठ होती, काढली' असंच सांगितलं होतं. आज ती पहिल्यांदा बोलली होती, ऑपरेशननंतर उरलेल्या त्या बसक्या आवाजात. तेही एका अनोळखी माणसाशी.

"मग तुम्हाला विचारायला हरकत नाही," तो म्हणाला. "तुम्हीही रोज अंग चाचपून बघता?"

"रोज."

"मीपण. परवा छातीपाशी काहीतरी टणक लागलं. दरदरून घाम फुटला. मग कळलं, खिशातली सुपारी."

यशोदाला हसू आलं. फाटका आवाज निघाला तशी तिने तोंडावर हात धरला.

"हात कशाला? गुळासारखं आहे तुमचं हसणं. खरबरीत, पण..."

"पण काय?"

"डॉक्टरांनी मला गोड वर्ज्य केलेलं नाही, एवढंच."

तिने पटकन मान खाली घातली. तो अभिमन, एरंडोलच्या शाळेत मास्तर होता. निघताना कंपाउंडरने पुढच्या तपासणीची तारीख विचारली, तेव्हा त्याने आधी यशोदाकडे पाहिलं.

मग तपासणीची धास्ती तशीच राहिली, तरी तिला त्या दिवसाची ओढ लागू लागली. आईला सांगितलं तर आई रडायची, बाकीचे म्हणायचे, "बरी झालीस ना, मग आता काय?" अभिमन तसं कधी म्हणाला नाही. तो सांगायचा, नसलेल्या पायाला कशी खाज सुटते. ती सांगायची, आपलाच आवाज परका वाटतो. कधी दोघं नुसतीच बसायची... तेही पुरायचं.

दिवाळीनंतर शिंदखेड्याचं स्थळ आलं. आबा म्हणाले, "गळ्यात ठुशी घातली की व्रण झाकला जातो. तू काही बोलू नको."

तिने ते अभिमनला सांगितलं.

"चांगलं स्थळ आहे," तो एवढंच म्हणाला आणि कुबडी घेऊन उठला.

पुढच्या तपासणीला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. यशोदाचं चित्त थाऱ्यावर राहिना. त्याचं दुखणं उलटलं असेल तर... या विचारापुढे ती जाऊच शकत नव्हती.

अशात शिंदखेड्याची मंडळी बघायला आली. मुलाच्या आईने विचारलं, "आवाज असा का बसला?"

"सर्दी झालीय," आबा म्हणाले.

"सर्दी नाही," यशोदा म्हणाली. "मला कॅन्सर झाला होता."

चहा तसाच ठेवून मंडळी उठली. आबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिने मात्र अक्काला गाठलं. "मला एरंडोलला जायचंय. एका माणसाची खबर घ्यायला."

"त्या मास्तरची ना?" अक्का म्हणाली. "मी काय दर वेळी झोपलेली असायचे?"

दोघी धरणगावला गाडीतून उतरल्या आणि बसने एरंडोलला गेल्या. अभिमनची आई ओट्यावर तूर पाखडत होती. यशोदाने त्याची चौकशी केली तशी ती घाबरली. "पोरी, त्याना आजार तुले मालूम शे ना?"

"मालूम शे, माय. माले बी तोच व्हयना व्हता."

म्हातारीने सूप खाली ठेवलं आणि तिचा हात धरून तिला आत नेलं.

अभिमन खिडकीशी वह्या तपासत होता. सुखरूप. यशोदाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही.

"का नाही आलात?"

"तपासणीला वेगळ्या दिवशी जात होतो. तुमचं लग्न ठरत होतं... तुम्हाला माझ्या शेजारी कुणी पाहिलं असतं तर..."

"आणि मी इकडे काय काय समजून बसले होते!" तिचा आवाज चिरकला. "ते लग्न मोडलं. मीच खरं सांगून टाकलं."

"यशोदा, डॉक्टर माझी खात्री देत नाहीत."

"माझी तरी कुठे देतात? खात्री मागायला आले नाही मी. भीती वाटली की सांगायला मला तुम्ही हवे आहात. आणि... भीती नसली तरी हवे आहात."

त्याने वही मिटली. "ये, बस इथं," तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीत.

आबांचा राग निवळायला पुढचा वैशाख उजाडला. मांडवात एका पाहुण्याने नवऱ्या मुलाच्या पायाकडे बघत त्यांना काहीतरी विचारलं.

"जावयाला कॅन्सर झाला होता," आबा म्हणाले. आवाज कापला, पण ते थांबले नाहीत. "माझ्या यशोदालाही. चला, पंगत बसतेय."