ओळखीचा आवाज

त्या काळात साठी ओलांडलेल्या माणसाच्या कानामागे राखाडी चकती दिसणं, हे नाकावर चष्मा दिसण्याइतकंच साधं झालं होतं. तिला श्रुतिपूरक म्हणत. उन्मेष बोरवणकरने ती बरीच उशिरा लावून घेतली, कारण आपले कान बिघडलेत हे त्याला कित्येक वर्षं मान्यच नव्हतं.

उन्मेष नाशिकच्या एका कारखान्यात पंपांची रचना करायचा. पण त्याचा जीव घरातल्या मागच्या खोलीत होता. तिथे व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर होता, जड तबकडीयंत्र होतं आणि स्वतः रंधा मारून केलेल्या शिसवी खोक्यांत बसवलेले, छातीइतक्या उंचीचे स्पीकर होते. निवृत्तीनंतर तो रोज सकाळी तिथे बसायचा. हळूहळू त्या आवाजातलं काहीतरी जाऊ लागलं. सगळ्यांत आधी तानपुऱ्याची जवारी गेली. तारेभोवती जी बारीक, झगमगती गुणगुण असते ती नाहीशी झाली आणि मागे लाकडी ठोका उरला. उन्मेषने स्पीकर बदलले, मग वायरी, मग सुई. शेवटी डोक्यात शीळ सुरू झाली. जागेपणी एक क्षणही न थांबणारी, उंच पट्टीतली शीळ. तेव्हा त्याची बायको वृषाली म्हणाली, "यंत्रं झाली सगळी बदलून. आता कान दाखव."

डॉ. रेहाना मुजावर यांनी कान तपासले आणि नळावर भांडी घासता घासता बोलावं इतक्या सहजपणे सगळं समजावून सांगितलं.

"काका, कानाच्या आत केसांसारख्या पेशी असतात. उंच स्वरांच्या पेशी आधी मरतात. तिकडून बातमी येईनाशी झाली की मेंदू स्वस्थ बसत नाही. तो आपलं बटण पिरगळून आवाज वाढवत नेतो. स्टेशनच नसलं की रेडिओ कसा खरखरतो? तशी ही शीळ. ती बाहेर कुठेच नाही."

"मग ही चकती आवाज मोठा करणार?"

"मेलेल्या पेशीला ओरडून सांगून काय उपयोग? चकती कानाला वगळते. पुढे काय ऐकू येणार याचा अंदाज तुमचा मेंदू सारखा बांधत असतो. चकती तो अंदाज टिपते आणि कानातून आल्यासारखा मेंदूला परत देते. मेंदूला वाटतं, बातमी आली. मग शीळ घालायचं त्याला कारण उरत नाही."

"म्हणजे मी माझंच ऐकणार?"

"जिथे पोकळी आहे तिथे फक्त," डॉक्टर म्हणाल्या.

चकती बसली आणि शीळ थांबली. उन्मेष दवाखान्याच्या खुर्चीतच रडला. घरी येऊन त्याने एका बुजुर्ग गायकाचा मारवा लावला. जवारी परत आली होती. पुढचे काही महिने त्याच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. खोलीतून बाहेर आला की वृषालीशी गप्पा, आणि तिचा तो खणखणीत, किंचित चिडवणारा आवाज. तोही त्याला पूर्वीसारखा स्वच्छ ऐकू यायचा.

एका सकाळी मारवा चालू असताना वृषाली खोलीत आली आणि तिने त्याच्या खांद्याला हात लावला. उन्मेषने डोळे उघडले. ती तबकडीयंत्राकडे बोट दाखवत होती. तबकडी फिरत होती, पण सुईचा दांडा पुढे सरकत नव्हता. एकाच रेघेत अडकून तो पुन्हा पुन्हा तसूभर मागे उडी मारत होता.

उन्मेषच्या कानात मात्र द्रुत बंदिश चालली होती. ती संपत आली होती.

"केव्हापासून अडकलीये?" त्याने विचारलं.

"स्वयंपाकघरातून ऐकतेय मी कधीची. तेच ते, तेच ते. मला वाटलं, उठशील."

त्याने सुई उचलली.

दुसऱ्याच दिवशी दोघं दवाखान्यात गेले. उन्मेषने झालं ते सांगितलं. मध्ये एक-दोन गोष्टी वृषालीने सांगितल्या. ती बोलू लागली तशी डॉक्टरांनी संगणकावरची नजर काढून तिच्याकडे वळवली.

"काकू, तुमचा आवाज असा केव्हापासून आहे?"

"कसा असा?" उन्मेषने विचारलं. "ठणठणीत आहे की."

डॉक्टरांनी उन्मेषच्या कानामागे हात नेला आणि चकती काढून घेतली.

शीळ परत आली, पूर्वीपेक्षा तीव्र. तिच्या पलीकडून, गोणपाटातून यावा तसा एक फाटका, घोगरा आवाज आला. वृषालीचे ओठ हलत होते.

"मी सांगितलं होतं तुला," तो आवाज म्हणाला. "दिवाळीच्या आधी सांगितलं. घशात काहीतरी आहे म्हटलं. तू म्हणालास, चहा नको, आत्ताच झाला. मग पुन्हा सांगितलं. तू हसलास. मला वाटलं, तुला ते बोलायचंच नाहीये."

उन्मेषला ते दोन्ही प्रसंग आठवत होते. तिने चहाचं विचारलेलं त्याने ऐकलं होतं. तिच्या नेहमीच्या आवाजात, तिच्या नेहमीच्या शब्दांत ऐकलं होतं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. "अंदाज बरोबर आला की मेंदू शांत होतो," त्या म्हणाल्या. "शीळ थांबते. चकती रोज हेच शिकत गेली. शीळ पूर्ण थांबवायची तर मेंदूला कशाचंच आश्चर्य वाटता कामा नये. म्हणून पोकळी नव्हती तिथेही ती अंदाज भरत गेली. परक्या माणसाचं बोलणं तुम्हाला बहुतेक खरंच ऐकू येतं, कारण त्याचा अंदाज बांधता येत नाही. तबकडी तुम्हाला पाठ आहे. आणि काकूही. काका, जे माणूस जितकं जवळचं, तितकं ते यंत्रातून कमी ऐकू येतं."

"कमी करता येईल?"

"येईल. पण जेवढं खरं ऐकाल, तेवढी शीळ परत येईल."

चकती त्याने घरी नेऊन कपाटात टाकली ती टाकलीच. वृषालीच्या घशात गाठ होती. शस्त्रक्रियेत एक स्वरतंतू काढावा लागला आणि दुसरा हलेनासा झाला. त्यानंतर ती बोलायची तेव्हा नुसता श्वास बाहेर यायचा. कुजबुज म्हणजे गळ्याचा नाद नसलेला, नुसत्या हवेचा आवाज. तो असतो उंच पट्टीत. उन्मेषच्या कानातली नेमकी तीच पट्टी मेली होती, आणि जे थोडं उरलं होतं त्यावर शीळ बसली होती. साधी श्रवणयंत्रं लावून पाहिली. त्यांतून शेजारच्या घरातलं कपाट ऐकू यायचं, वृषाली नाही.

ती फोनवर टाइप करून दाखवू लागली. जन्मभर बोलण्यात पटाईत असलेली बाई चार शब्दांवर आली. 'भात झाला.' 'गोळी घे.' मागच्या खोलीचं दार बंदच असायचं. उन्मेष तिच्यासमोर बसून राहायचा आणि तिच्या अंगठ्याकडे बघायचा.

पावसाळा सरताना गाठ परत आल्याचं कळलं. आता पूर्ण स्वरयंत्र काढायचं आणि मानेला भोक पाडून त्यातून श्वास घ्यायचा, एवढाच उपाय होता. यश येईलच असं सर्जन छातीठोकपणे सांगत नव्हते. शस्त्रक्रियेची तारीख राखून ठेवली होती. होय-नाही कळवायचा दिवस आला; संध्याकाळच्या आत कळवायचं होतं. वृषालीला फोनवर बोलता येत नव्हतं, त्यामुळे कळवायचं उन्मेषने.

दुपारी जेवण झाल्यावर ती कपाटातून चकती घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"नको," तो म्हणाला. "तू टाइप कर. मी वाचतो."

तिने टाइप केलं, 'एवढं एक टाइप करायचं नाहीये मला. बोलायचंय. लाव.'

"त्यातून तू ऐकू येत नाहीस, वृषाली. माहितेय ना तुला?"

'लक्ष देऊन ऐक. ऐकू येईल.'

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला नाही म्हणवेना. आता आपल्याला धोका ठाऊक आहे, असं त्याने स्वतःला बजावलं. आपण सावध राहू. काहीही गृहीत धरायचं नाही. त्याने चकती कानामागे लावली. शीळ विरली. वृषालीने त्याचा हात हातात घेतला आणि ती बोलू लागली.

किती दिवसांनी तो आवाज आला होता. खणखणीत, किंचित चिडवणारा. उन्मेषने तिच्या ओठांवरून नजर हलू दिली नाही. शब्द ओठांशी जुळत होते, निदान जुळताहेत असं वाटत होतं.

"घाबरलायस तू," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा जास्त. मी काय, आजवर कशाला मागे हटलेय? करून टाकू या. मी तयार आहे."

त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. ही तीच होती, तिचीच बोलायची रीत. "नक्की ना?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा शांत होता. कित्येक आठवड्यांत इतका शांत दिसला नव्हता.

"तू म्हणशील तसंच होईल," तो म्हणाला.

तिने त्याचा हात घट्ट दाबला आणि कपाळाला लावला. उन्मेषने दुसऱ्या हाताने फोन उचलला. रुग्णालयातली मुलगी परकी होती. तिचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. "हो, बोरवणकर बोलतोय," तो म्हणाला. "आमचं ठरलंय. तारीख पक्की करा. शस्त्रक्रियेला ती तयार आहे."

वृषालीचा हात त्याच्या हातातून निसटला.

त्याने वळून पाहिलं. ती मागे सरकून भिंतीला टेकली होती. तिने मान हलवली, आडवी, मग पुन्हा आडवी. गळ्याच्या शिरा ताणून ती काहीतरी सांगत होती, एकच काहीतरी, पुन्हा पुन्हा. तिचे ओठ त्याला नीट दिसत होते. आणि त्याच्या कानात, अगदी जवळून, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतल्या त्या प्रसन्न आवाजात ती म्हणत होती, "बरं केलंस. बरं केलंस, उन्मेष."

त्याची बोटं कानामागे गेली. चकती काढली तर शीळ येणार होती आणि तिचं काहीच ऐकू येणार नव्हतं. फोनवरची मुलगी विचारत होती, "काका, मग नोंद करू ना?"