गार्नेटच्या पोत्यातली वाळू

"मला कुणीतरी मारलंय," पाहुणा म्हणाला. "अजून मेलो नाही, एवढंच."

एवढं बोलायलाही त्याला मध्ये थांबून श्वास गोळा करावा लागला. त्याला हाताला धरून जिना चढवणारा माणूस, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, त्याला खुर्चीत बसवून मागे उभा राहिला.

आत्याने हातातलं पेन खाली ठेवलं. खाजगी तपासाचं काम करणाऱ्या या बाईला सगळी वस्तीच आत्या म्हणायची. खरा भाचा मात्र एकच होता आणि तो कोपऱ्यात फायली लावण्याचं सोंग करत होता. धिप्पाड गडी, मनाने सोनं. डोक्याचं विचारू नका, त्यावरून बिचाऱ्याला रोज ऐकावं लागतंच.

"नीट सांगा," आत्या म्हणाली. "घाई नाही."

"मला आहे," धाकटा म्हणाला आणि हसायला गेला, तर खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर पुढे बोलला. "मी सँडब्लास्टिंग करायचो. लोखंडी टाक्यांवरचा गंज, जुना रंग दाबाच्या हवेने खडा मारून उडवायचा. म्हणजे नवा रंग धरतो."

"कसला खडा?"

"तिथेच तर गोम आहे. नाव सँड, पण वाळू मारायची नसते. वाळू फुटते, तिची पिठासारखी धूळ होते. ती छातीत बसली की निघत नाही. आमच्याकडे गार्नेट. लाल खडा, जड, सहजी फुटत नाही. कामावर लागतानाच मी मालकाला विचारून घेतलं होतं. गार्नेटच आहे म्हणून खोली झाडताना मी बिनधास्त हेल्मेट काढून ठेवायचो." त्याने मान हलवली. "डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि म्हणाले, वाळू मारत होतास ना? वर्षं घातलीस त्यात. आता उपाय नाही."

"पोत्यात वाळू दिसली नाही कधी?"

"लालच असायचा माल, बाई," थोरला पहिल्यांदा बोलला. "हा आत खडा मारायची तोटी, नोझल, धरायचा, मी बाहेर पॉटमध्ये ओतायचो. तो मोठा पिंप असतो ना, हवेच्या दाबाचा, त्यात."

"दादाला मीच लावलं तिथे," धाकटा म्हणाला. "मध्ये धूळ फार वाढली होती, तेव्हा दादाला विचारलंही होतं मी."

"चाळून चाळून माल बारीक होतो, मग धूळ वाढते," थोरला म्हणाला. खाली वाकून त्याने भावाची पाण्याची बाटली उचलली, तेव्हा सदऱ्याखालचा कमरेचा रुंद पट्टा दिसला. पट्टा कोरा करकरीत होता.

"कोणी केलं ते कळून काय करणार?" आत्याने विचारलं.

"माझ्या जागेवर आता दादाचा जावई उभा आहे. माझ्या पुतणीचा नवरा. नवा संसार आहे हो तिचा. माझं व्हायचं ते झालं, पण तो पोरगा असा खोकत मरता कामा नये. त्याच्या पोत्यात काय आहे आणि कोण भरतंय, तेवढं शोधा."

थोरल्याने तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी आत्या भाच्याला घेऊन धाकट्याच्या घरी गेली. दोन भावांचं एकच घर होतं, मधे एक पडदा. धाकटा झोपला होता. त्याची बायको मोरीत कपडे घासत होती. तिने हात पुसले, पण उठली नाही.

"काय विचारायचं ते विचारा. रडून झालंय माझं."

"यांचे कामाचे कपडे तुम्हीच धुवायच्या?"

"दुसरं कोण? जीव नकोसा व्हायचा. पाणी लालभडक. एकदा त्यांच्या शर्टाबरोबर चादर भिजवली तर चादर गुलाबी झाली. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी खिशातून नुसते खडे निघायचे, झटकले की झालं."

"पूर्वी म्हणजे कधी?"

"भावजी कंबर धरून पडले होते त्याच्या आधी. ते उठून परत कामावर जायला लागले आणि हे लाल पाणी सुरू झालं. तेव्हापासून माझ्या हाताची सालटं गेली." ती परत घासायला लागली. "चुलत नाही, परका नाही, सख्खा भाऊ आहे म्हणून निभावलं. रात्री यांना दम लागला की भावजीच उचलून बसवतात."

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. मालकाला भेटल्यावर भाच्याला त्याचा तिथल्या तिथे राग आला, आणि तसा तो येण्यासारखाच माणूस होता.

"वाळू? माझ्याकडे?" मालक कडाडला. "ती मागे पडलीये, दिसत नाही का? नव्या शेडच्या पायासाठी आणली, काम रखडलं. त्या ढिगावरून माझ्यावर बालंट आणता?"

"बालंट नाही. धुळीचं विचारतेय. किती असते?"

"मी रोज चक्कर मारतो. माल लाल, धूळ लाल. पूर्वी मात्र त्या खोलीत स्वतःचा हात दिसायचा नाही. हा नवा पोरगा आल्यापासून बरीच कमी झालीये. हात साफ आहे त्याचा. ह्याच्या चुलतसासऱ्याला जमलं नाही ते."

भाचा दात ओठ खात होता. आत्याने त्याच्या पायावर पाय दिला आणि त्याला स्टोअरकडे ओढून नेलं.

स्टोअरकीपर गप्पिष्ट निघाला. कितीतरी दिवसांत कुणी त्याला त्याच्या मालाबद्दल काही विचारलं नसावं.

"बघा, सगळ्याला एकच खडा चालत नाही. जाड लोखंडावरचा हट्टी गंज असेल तर स्टीलची ग्रिट, म्हणजे टोकदार दाणे. तीच स्टेनलेसवर मारलीत तर लोखंडाचे कण चिकटून राहतात आणि नंतर डाग फुटतात. तिथे काचेचे मणी, छान तकाकी येते. पण रंग द्यायचाय तर तकाकी काय कामाची? खरबरीतपणा हवा. म्हणून टाक्यांना गार्नेट."

"संपत असेल भराभर?"

"छे! मारलेला खडा फावड्याने गोळा करायचा, चाळायचा, परत पॉटमध्ये. चार-पाच वेळा तरी चालतो. पण त्यातच माणसाची कंबर मोडते. थोरल्याएवढा काटकसरी पॉटवाला बघितला नाही. नवीन पोतं मागायचाच नाही तो! मालकाने सगळ्यांदेखत पाठ थोपटली होती. हल्ली मात्र मागतो अधूनमधून."

कोपऱ्यात मोठी चाळण होती. तिची जाळी चकचकीत होती, चौकट मात्र गंजलेली.

"जाळी नवीन दिसतेय."

"जुनी होती ना, ती गंजून हात लावताच तुटली. कोळ्यांनी घर केलं होतं तिच्यात. जावई कामावर आला, त्याच आठवड्यात थोरल्याने मागे लागून नवी बसवून घेतली."

इतक्यात भाच्याने दाराजवळच्या एका उघड्या पिंपाला टेकून उभं राहण्याची बुद्धी केली. पांढऱ्या शर्टाची बाही लाल झाली.

"अहो, ते रंगात घालायचं लाल ऑक्साइड आहे!" स्टोअरकीपर ओरडला. "झटका नुसतं. पाणी लावलंत तर सगळीकडे पसरेल."

"आईने परवाच घेऊन दिला होता," भाचा रडवेला झाला.

निघण्याआधी आत्याने शेडमागच्या खड्ड्यातून, जिथे वापरलेला माल टाकत असत तिथून, खालच्या, जुन्या थरातली मूठभर भुकटी घेतली. दुसरी मूठ पॉटमधून घेतली. थोरला तिथेच होता. त्याने पॉटमध्ये हात घालू दिला, एका शब्दाने विचारलं नाही.

चहाच्या टपरीवर आत्याने दोन ग्लास पाणी मागितलं आणि दोन्ही मुठी त्यात सोडल्या. खड्ड्यातल्या मालाचं पाणी लाल झालं आणि तळाशी पिवळट कण उरले. पॉटमधल्या मालाचं पाणी जवळजवळ स्वच्छ राहिलं आणि तळाशी लाल खडे बसले.

भाचा बराच वेळ बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर उजाडलं. "आत्या! आता पोत्यात वाळू नाही! जावई वाचला की! ही तर आनंदाची बातमी."

"हो रे," आत्या म्हणाली. तिचा चहा तसाच होता. "तेच तर वाईट झालं."

संध्याकाळी ती भाच्याला घेऊन परत त्या घरी गेली. धाकटा उशांना टेकून बसला होता. आत्याला त्याच्या एकट्याशी बोलायचं होतं. पण तो हट्टाला पेटला.

"दादासमोर सांगा. मला ऐकायचं बळ नाही, तो जवळ असू दे."

थोरला दाराशी उभा होता. बायको पायाशी बसली.

"तुमचा जावई सुखरूप आहे," आत्या म्हणाली. "आता पॉटमध्ये खरं गार्नेट आहे. तुमच्या वेळी वाळू होती, लाल ऑक्साइड लावलेली. गार्नेटचा लाल रंग खड्यातच असतो, तो पाण्यात उतरत नाही. वहिनींच्या बादलीत जो उतरत होता तो रंग होता."

"मालकच!" भाचा म्हणाला.

"मालकाला वाळू चालवायची असती तर पॉटवाल्याला हुकूम सोडला असता आणि जावई आल्यावर थांबायचं त्याला काही कारण नव्हतं. स्टोअरकीपर पॉटपर्यंत जात नाही. रंग लावला तो मालकाला, स्टोअरकीपरला आणि आत उभ्या असलेल्या माणसाला फसवण्यासाठी. फक्त एका माणसाला तो फसवू शकत नाही. जो रिकाम्या पोत्यात वाळू भरून, रंग मिसळून, ओततो त्याला."

आत्या धाकट्याकडे वळली.

"माल चाळून बारीक झालाय, असं तुम्हाला सांगितलं गेलं. पण चाळण तर गंजून पडली होती, तिच्यात कोळी राहत होते. नवीन पोती मागायची नाहीत आणि जुना माल चाळायचाही नाही, मग रोज मारलं काय? वाळू एकदाच मारतात आणि फेकून देतात. ती झाडून खड्ड्यात लोटली की झालं, परत फावड्याने उपसून चाळावी लागत नाही. कंबर गेलेल्या माणसाला हेच एक काम झेपलं असतं. आणि जावई आल्यावर त्याच माणसाने नवी जाळी बसवून घेतली, कमरेला पट्टा बांधला आणि जड गार्नेट परत उपसायला लागला."

बायकोने मान वळवून दाराकडे बघितलं. थोरला भिंतीला धरून खाली बसला.

"कंबर गेली म्हटलं असतं तर मालकाने काढून टाकलं असतं," तो म्हणाला. "तू लावलेली नोकरी. तुला तोंड कसं दाखवलं असतं? वाटलं, हेल्मेट आहे, हवेची नळी आहे, काय होतंय. थोडेच दिवस करू म्हटलं."

धाकट्याने डोळे मिटले होते. "मला खोकला लागला तेव्हा?"

"तेव्हा कळलं होतं."

"मग का नाही थांबलास?"

आत्याला उत्तर ठाऊक होतं, पण ते तिने सांगायचं नव्हतं.

"धूळ एकदम कमी झाली असती," थोरला शेवटी म्हणाला. "तुझ्या लगेच लक्षात आलं असतं. नव्या माणसाला आधीचं काय माहीत?"

"अगं आई गं," बायकोच्या तोंडून निघालं. मग ती उठली आणि दोन्ही हातांनी थोरल्याला मारायला लागली. त्याने हात वर केला नाही. भाच्याने तिला धरून बाजूला घेतलं, तेव्हा तो स्वतःच रडत होता.

"मालक असता तर बरं झालं असतं," धाकटा म्हणाला. "रोज उठून त्याला शिव्या दिल्या असत्या. तेवढ्यावर काढले असते उरलेले दिवस." मग तो आत्याकडे वळला. "बाई, कुठे लिहून देऊ नका. पोरीला कळता कामा नये. तिला बाप एकच आहे."

आत्या होकाराची मान हलवून उठली. आयुष्यात इतकं बरोबर उत्तर तिने कधी काढलं नव्हतं आणि ते काढल्याचा तिला इतका पस्तावाही कधी झाला नव्हता.

ती चपला घालत होती तेवढ्यात आत धाकट्याचा श्वास अडकला. तो उशांवरून घसरला, हातपाय झाडायला लागला. बायको धावली, त्याच्या काखेत हात घालून ओढायला लागली. तिच्याने तो उचलवेना.

"भावजी," ती ओरडली. "अहो, बघत काय बसलात, उचला त्यांना!"

थोरला उठला. त्याने भावाला छातीशी धरून सरळ बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिला. धाकट्याने तो हात ढकलला, परत ढकलला. मग श्वासाची गरज भारी पडली आणि त्याने भावाच्या खांद्यावर डोकं टेकलं.