आत्याचा ट्रायपॉड

“बाबा, आपल्या घरात आत्याचा एकही फोटो का नाही?”

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावून तो माझ्या गळ्यात मारला होता. एक चष्मिश, जिला नको ते सगळं दिसतं. दुसरी रेडिओ, जी ते गावभर करते. “हिंमत असेल तर विचार,” रेडिओ म्हणाली. आणि मी तर नवा कॅमेरा गळ्यात अडकवून फिरत होते. मला कसली भीती?

विचारला.

तिथून पुढे जे झालं ते सगळं खरं आहे. शप्पथ! भूत रात्री बारा वाजताच येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच सावध व्हा. आमच्याकडे ते रविवारी दुपारी पावणेचारला आलं. तिसऱ्या मजल्यावर, आमच्या बैठकीच्या खोलीत. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खाली पोरं सायकलच्या घंट्या वाजवत होती.

पण आधी कॅमेऱ्याचं सांगते.

मागच्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरीला “हजर” म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही. यंदा शाळेच्या वार्षिक अंकाचे फोटो काढायला सरांनी माझं नाव घेतलं, आणि बाबांनी चक्क डीएसएलआर आणून दिला. कॅमेरा, एक लेन्स, बॅटरी, चार्जर, मेमरी कार्ड, गळ्यातला पट्टा. पहिल्या दिवशी मी लेन्सचं झाकण न काढताच दहा मिनिटं डोळा लावून बसले आणि “बिघडलेला माल दिलाय!” म्हणून घर डोक्यावर घेतलं. धाकटी बहीण टिचकी अजून त्यावरून चिडवते.

कॅमेरा बघायला मैत्रिणी घरी आल्या, आणि त्यांची नजर भिंतीवर गेली.

आमच्या बैठकीत अकरा फोटो आहेत. सगळे एकाच सोफ्यावर काढलेले. आई, बाबा, आजी, आजोबा, मी, टिचकी. वर्षं बदलतात, कपडे बदलतात, सोफा तोच. आणि सगळे खदखदून हसतायत. पाहुणे नेहमी म्हणतात, काय हसरं कुटुंब आहे हो तुमचं!

“दात मोजता येतील,” रेडिओ म्हणाली. “कोण काढायचं हे?”

“आत्या. बाबांची बहीण. आमच्याकडेच राहायची. मी दहा वर्षांची असताना गेली.”

“मग फोटोत ती कुठाय?”

चष्मिश फोटोला नाक लावून उभी होती. “ए, कुणीच कॅमेऱ्याकडे बघत नाहीये गं. सगळे जरा बाजूला बघतायत. आणि सोफ्याचं उजवं टोक दर वेळी रिकामं.”

मी म्हटलं, तुझा नंबर वाढलाय, डॉक्टरकडे जा.

पण प्रश्न तर विचारायचाच होता.

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. “तिला आवडायचं नाही फोटोत यायला.”

इस्त्री करणाऱ्या आईचा हात थांबला. इतका वेळ थांबला, की उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग उमटला.



मला आठवलं, आत्या गेली तेव्हा वर्तमानपत्रात द्यायला फोटो सापडला नव्हता. घरभर शोधून शेवटी नुसतं नाव छापलं. सगळ्यांचे फोटो काढणारी तीच, तिचा कुणी काढलाच नव्हता.

ट्रायपॉड तिचाच होता. माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला. एका पायाची पकड ढिली झालेली, म्हणून तिनं तिथे जखमेवर लावतात ती चिकटपट्टी गुंडाळली होती. रविवारी आई-बाबा टिचकीला घेऊन लग्नाला गेले. मी अभ्यासाचं निमित्त करून मागे राहिले, आणि ट्रायपॉड खाली काढला.

मला माझाच झकास फोटो हवा होता.

आमची बैठक लांबट आहे. ट्रायपॉड स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला, तर सोफा पूर्ण येतो. कॅमेरा वर बसवला, स्क्रू आवळला. सेल्फ टायमर दहा सेकंदांवर लावला. बटण दाबलं की दिवा लुकलुकतो, टिक टिक होते. शेवटच्या दोन सेकंदांत ती टिकटिक घाई करते, आणि खटाक!

दाबलं. टीपॉयला वळसा घालून पळाले. सहा सेकंदांत सोफ्यावर. केस सारखे केले. हसले.

टिक... टिक... टिक...

आणि त्या टिकटिकीच्या मागून...

टप... सर्रर्र... टप... सर्रर्र...

एक पाय टेकलेला. एक पाय ओढलेला.

भिंतीच्या कडेकडेनं, माझ्या दिशेनं.

खटाक!

आवाज थांबला.

मी फोटो बघितला. मी एकटीच होते. पण मी कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. जरा बाजूला बघत होते.

वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वरचा मजला म्हणजे गच्ची आहे, हेही मला माहीत होतं.

पुन्हा लावला. या वेळी मी हललेच नाही. ट्रायपॉडला चिकटून उभी राहिले. बटण दाबलं.

टिक...

टप.

माझ्या अगदी शेजारून. माझ्या खांद्याला घासून हवा पुढे गेली... सर्रर्र... टप... टीपॉयच्या अलीकडे पोचेपर्यंत टिकटिक घाईला आली. पावलांनीही घाई केली. टप-सर्र-टप-सर्र... कुणीतरी धडपडलं. टीपॉयवरचा पेला डुगडुगला.

खटाक!

शांत.

ती चाल मी ओळखली. दहा वर्षं ऐकली होती. आत्याचा डावा पाय लहानपणापासून अधू होता.

मी चपला न घालता तीन मजले खाली उतरले आणि घरचे येईपर्यंत वॉचमनकाकांच्या बाकावर बसून राहिले. सगळी ऐट जागच्या जागी जिरली!

सोमवारी शाळा सुटल्यावर कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन दुकान गाठलं. दुकानदारकाका चष्मा कपाळावर ठेवून काम करतात आणि मग चष्मा शोधत बसतात. त्यांनी कॅमेरा उलटापालटा करून बघितला.

“अगं, ठणठणीत आहे हा. तुझ्यापेक्षा बरा.”

मग त्यांचा हात ट्रायपॉडच्या चिकटपट्टीवर गेला.

“हा तुझ्याकडे कसा?”

“माझ्या आत्याचा आहे.”

“मीच विकलाय तिला.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “दर थोड्या महिन्यांनी यायची. एकच विचारायची. काका, दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ देणारं काही आलं का? मी म्हणायचो, ताई, दहा सेकंद पुष्कळ झाले, जरा भरभर चालायचं. काउंटरच्या मागून मला तिचा पाय कधी दिसलाच नव्हता. एक दिवस ती दारातून बाहेर जाताना बघितली...” त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. “वायरवाला टायमर मागवून ठेवला मी तिच्यासाठी. हवी तितकी मिनिटं लावता येतात. ती परत आलीच नाही.”

म्हणजे तिला फोटोत यायचं होतं.

काकांनी खणातून एक धुळकट खोका काढला. “आता तुझ्या कॅमेऱ्याला बसतो का बघू.”

बसला.

घरी आल्यावर मी भिंतीवरचे फोटो एकेक करून नीट बघितले. प्रत्येकात उजवं टोक रिकामं. प्रत्येकात सगळ्यांची नजर त्याच बाजूला. तिसऱ्या फोटोच्या अगदी कडेला एक निळा, पुसट तुकडा आहे. आम्हाला तो पडदा वाटायचा.

आमच्याकडे निळे पडदे कधीच नव्हते. आत्याची ओढणी निळी होती.

ते सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत नव्हते. ते तिच्याकडे बघून हसत होते. दहा सेकंदांत धावायला बघणाऱ्या आत्याकडे.

सहाव्या फोटोत मी आहे. चार वर्षांची. बोट दाखवतेय. सगळ्यात मोठ्यानं मीच हसतेय.

त्या दिवशी मी जेवले नाही.

पुढच्या रविवारी, दुपारीच, मी सगळ्यांना सोफ्यावर बसवलं. आजी-आजोबा आता नाहीत, त्यामुळे उजव्या टोकाला बाबा बसतात. मग आई, मग टिचकी, आणि डाव्या टोकाला माझी जागा. वायर जोडली, टायमर एका मिनिटावर ठेवला, बटण दाबलं आणि जाऊन बसले.

“एक मिनिट?” बाबा म्हणाले. “तोवर माझे उरलेले केस पण पांढरे होतील.”

टिचकी मोठ्यानं उलटे आकडे मोजायला लागली. “साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न...”

टप.

टिचकी मोजत होती. पन्नासच्या आसपास तिचा आवाज बारीक झाला.

टप... सर्रर्र... टप... सर्रर्र...

या वेळी घाई नव्हती. कुणीतरी एकेक पाऊल नीट टाकत होतं. भिंतीला हात धरून. वाटेत एकदा थांबलंसुद्धा, दम खायला.

टिचकीच्या पाठीमागून आईनं माझा हात शोधला.

टीपॉयला वळसा... टप... सर्रर्र...

आणि पावलं बाबांच्या समोर येऊन थांबली.

टिचकीनं मोजणं सोडलं होतं. दाराशी टायमर बारीक टिकटिकत होता. मी मनात मोजत होते. बावीस. एकवीस.

“बाबा,” मी म्हणाले, “सरका.”

“कुणासाठी?”

“तुम्हाला माहितीये.”

बाबा स्वतःच्या पायांकडे बघत होते.

“सरका हो थोडं,” आई म्हणाली. इतक्या हळू, की मीही जेमतेम ऐकलं.

बाबा हलले नाहीत.

बारा. अकरा.

दहा.

मग मीच उठले. “आत्या, इकडे ये. इकडे जागा आहे.”

टप... सर्रर्र...

एकेक पाऊल, टिचकीच्या गुडघ्यांसमोरून. मी बाजूला झाले. माझ्या जागेवरची गादी हळूच खाली गेली... आणि गेलेलीच राहिली.

खटाक!

तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात आई टिचकीपलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघतेय. टिचकीचं तोंड उघडं आहे. बाबांची मान खाली. हसत कुणीच नाहीये. डाव्या टोकाला गादीत एक खळगा आहे. आणि अगदी कडेला एक पिवळा, पुसट तुकडा आहे.

ती माझी बाही.

आत्या नाही. तिचा चेहरा याही फोटोत नाही. मला वाटलं होतं, तेवढं तरी मिळेल. एवढा वेळ देऊनही नाही मिळालं.

संध्याकाळी बाबा पहिल्यांदा बोलले. “आम्ही मुद्दाम नव्हतो गं हसत. तीच म्हणायची, ‘हसा.’ फोटो चांगला यावा म्हणून.”

आई भांडी पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

“ती ‘हसा’ नाही म्हणायची,” आई म्हणाली. “‘थांबा’ म्हणायची.”

त्या रात्री आमच्या घरात कुणी टीव्हीसुद्धा लावला नाही.

आज या गोष्टीला तीन आठवडे झाले. रेडिओला मी अजून काही सांगितलेलं नाही, यावरूनच समजा. चष्मिश येऊन फोटो बघून गेली. निघताना सोफ्याला लांबून वळसा घालून गेली.

कारण ती गादी अजून वर आलेली नाही. आईनं उलटून बघितली, उन्हात ठेवली. परत जागेवर ठेवली की थोड्या वेळानं तिथेच खळगा पडतो.

पावलं सोफ्यापर्यंत आलेली आम्ही चौघांनी ऐकली.

परत गेलेली... अजून कुणीच ऐकली नाहीत.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर मी स्टूल भिंतीपाशी ओढलं आणि हजेरी देतानाही न फुटणाऱ्या त्याच आवाजात, पण चांगलं मोठ्यानं, सांगून टाकलं.

“आई, बाबा, ऐका. हे अकराही फोटो मी उतरवतेय. सहाव्यापासून सुरुवात करतेय, कारण त्यात सगळ्यात मोठ्यानं मी हसतेय. या भिंतीवर आता तो नवा एकच फोटो लागेल. पाहुण्यांनी विचारलं की ही रिकामी जागा कुणाची, तर मी सांगणार. आणि आधीच्या फोटोंत आपण का हसत होतो, तेही सांगणार. तुम्ही समोर बसलेले असलात, तरी.”