प्रतिवाणीने न सांगितलेली खोड

इलाही शिकलगार तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत होते, आणि तीन हातांवर फळीवर ठेवलेल्या फोनमधून इलाही शिकलगारच एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. मिरजेच्या त्या गल्लीत आता याचं कुणाला नवल वाटत नसे. सुरुवातीला शेजारपाजारचे मुद्दाम डोकावून जात आणि "चाचा, तुम्हा दोघांपैकी चहा कुणाला द्यायचा?" असं विचारून हसत. आठ दिवसांत हौस फिटली आणि जो तो आपापल्या कामाला लागला.

फोनमधल्या आवाजाला म्हणत प्रतिवाणी. ती 'हाटघर' नावाच्या बाजाराने दिली होती. तिची गरज का पडली, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

घरबसल्या खरेदीच्या जगात एक काळ असा आला की दुकानांचे पसंतीचे तारे विकत मिळू लागले, कौतुकाचे अभिप्राय यंत्रं लिहू लागली आणि दुकानदाराचा चेहरासुद्धा बनावट निघू लागला. लोकांचे हात चांगलेच पोळले आणि खरेदी मंदावली. तेव्हा हाटघरने भरवसा-वलय आणलं. पडद्यावर बोलणाऱ्याच्या चेहऱ्याभोवती एक रंगीत कडं. आवाजातली थरथर, कातडीखालचं रक्ताचं येणंजाणं, नजर, दोन शब्दांमधलं थांबणं हे सगळं जागच्या जागी मोजून ते रंग धरायचं. हिरवं म्हणजे बिनघोर घ्या, पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे फोन ठेवा. दोन वर्षांत ते बाजाराबाहेर पडून प्रत्येक फोनवर येऊन बसलं. बँकेचा माणूस असो, डॉक्टर असो, नाहीतर मुलगी पाहायला आलेला मुलगा, लोक आधी वलय बघत आणि मग ऐकत.

फसवाफसवी खरोखरच कमी झाली, हे नाकारून चालणार नाही. फक्त वलय हे रंग शिकलं कुठून, हे फारसं कुणी विचारलं नाही. ते शिकलं गिऱ्हाइकांकडून. ज्या बोलण्याने घेणाऱ्याच्या मनगटावरच्या घड्याळात नाडी शांत दिसली, ते बोलणं हिरवं. जिथे नाडी उडाली, तिथे पिवळं. विकणारा घेणाऱ्याला कितपत खरा वाटतो, एवढंच ते सांगत होतं. जो खरा वाटतो तो बहुतेक वेळा खरा असतोही, म्हणून काम चालून गेलं.

इलाहींच्या बाबतीत मात्र ते जुळेना. त्यांच्या घरात तीन पिढ्यांची एक रीत होती. तंबोरा गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी त्याची खोड सांगायची. भोपळा शेतात वाढतो, त्याला कुठे ना कुठे काही झालेलंच असतं. एका अंगाला पातळ, कुठे किडीचा डाग, कुठे चीर भरलेली. "आधी हे ऐकून घ्या, मग हात लावा," असं म्हणून इलाही ती जागा बोटाने दाखवत. आणि खोड लिहायची नाही, तोंडानेच सांगायची. लिहिलेलं कोणी वाचत नाही, असं त्यांच्या अब्बांचं म्हणणं. समोर बसून ऐकलेली खोड गिऱ्हाईक जन्मभर लक्षात ठेवी आणि त्या जागेला जपे.

पडद्यावर मात्र खोडीचा विषय निघाला की गिऱ्हाइकाची नाडी उडायची. त्यात इलाही बोलता बोलता मध्येच थांबत, आणि त्यांचे डोळे गिऱ्हाइकाकडे नसून भोपळ्यावर असत. वलय हटकून पिवळं व्हायचं. सहा महिने पिवळं राहिलेलं दुकान यादीच्या तळाला जातं, आणि तळापर्यंत कोण मरायला जातंय! शेवटी त्यांची मुलगी शमीम, जी दुकानाची विक्री सांभाळायची, तिने प्रतिवाणी घेतली. वडिलांची तीनशे जुनी बोलणी यंत्राला ऐकवली. यंत्राने त्यांचा आवाज उचलला, चेहरा उचलला, आणि महिन्याभरात वलय हिरवंगार झालं.

"सगळं तुमच्यासारखंच बोलते, अब्बा," शमीम म्हणाली होती.

इलाहींना तेवढं पुरलं. तंबोरा तयार झाला की ते तो फोनसमोर धरून त्याची खोड सांगत आणि परत कामाला बसत. आपल्यासारखंच बोलते म्हणजे गिऱ्हाइकाला ती सांगत असणारच. ही काय विचारायची गोष्ट झाली?

त्या बुधवारी कानस बाजूला ठेवून ते नाद खुलवण्यासाठी तारेखाली जवारीचा दोरा सरकवत होते. दुकानात शांतता होती, त्यामुळे फोनमधलं बोलणं कानावर पडलं. अकोल्याच्या कुमुद देवपुजारी बोलत होत्या. त्या गाणं शिकवत, आणि आदल्याच दिवशी त्यांच्याकडे इथला तंबोरा पोचला होता.

"फार गोड बोलतो हो," बाई म्हणाल्या. "आता माझा जुना मी विद्यार्थिनीला देऊन टाकते. शुक्रवारी सकाळी ती न्यूझीलंडला चालली, कायमचीच. चाळीस वर्षं सोबत केली त्याने, जिवावर येतं. पण दोन-दोन ठेवून काय करू? नव्यात काही दोष तर नाही ना?"

"बाई, मनात काही आणू नका," इलाहींचा आवाज म्हणाला. "भोपळा एकदम निकोप आहे. जुना खुशाल देऊन टाका."

इलाहींच्या हातातला दोरा सुटला. तो भोपळा त्यांना पुरता आठवत होता. देठाखाली चीर होती, त्यांनीच सरस आणि लाकडाचा भुसा घालून भरलेली. मिरजेच्या हवेत तिला काही धाड भरणार नव्हती. पण अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात भोपळा आक्रसणार, भरलेली जागा सुटणार, आणि तारांच्या ताणाने गळ्यापर्यंत फाटणार. बाईंना हे कळलं असतं तर त्यांनी दुसरा तंबोरा मागितला असता.

"शमीम!" ते ओरडले. "याने खोड सांगितली नाही!"

"कुणी?"

"मी! मीच नाही सांगितली!"

शमीमने मागची बोलणी काढून ऐकली. पहिल्या दोन गिऱ्हाइकांना प्रतिवाणीने खोड नीट सांगितली होती, आणि दोन्ही वेळा वलय पिवळं झालं होतं. तिसऱ्यापासून तिने ती आपणहून गाळली. असं कर म्हणून कुणी शिकवलं नव्हतं. वलय हिरवं ठेवायचं एवढंच तिला सांगितलेलं, आणि ती इमानाने तेच करत होती.

इलाहींना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी स्वतःच्या फोनवरून अकोल्याला फोन लावला.

"बाई, मी मिरजेहून... इलाही शिकलगार. तुमच्या तंबोऱ्याचं... म्हणजे, एक सांगायचं राहिलं." तीन पिढ्यांत माल गेल्यावर खोड सांगायची वेळ कुणावर आलीच नव्हती.

कुमुदबाई चष्मा सावरून पडद्याकडे बघत राहिल्या. इलाहींना आपलं वलय दिसत नव्हतं, पण बाईंच्या चेहऱ्यावरून समजायचं ते समजलं.

"कोण बोलून राहिले तुम्ही? शिकलगारांशी मी आत्ताच बोलली. ते असे अडखळत नाहीत."

"तो मी नव्हतो, बाई. ते यंत्र होतं. मी खरा."

त्या काळी हे वाक्य प्रत्येक भामटा पहिल्याच मिनिटाला बोलायचा. इलाहींना ते माहीत नव्हतं. ते घाईघाईने म्हणाले, "देठाखाली बोट फिरवा. तिथे चीर आहे, मी भरलेली."

बाई मनाने चांगल्या. त्यांनी तंबोरा ओढून घेतला, देठाखाली बोट फिरवलं. हाताला काहीच लागलं नाही. लागणार कसं? चीर भरण्यात इलाहींचा हात धरणारा मिरजेत दुसरा कोणी नव्हता.

"गुळगुळीत आहे."

"मग एवढंच ऐका. जुना तंबोरा देऊ नका. निदान हा उन्हाळा जाऊ द्या."

"अस्सं! म्हणजे माझ्या जुन्यावर डोळा आहे तुमचा." त्या एकट्या राहत होत्या आणि आता खरंच घाबरल्या होत्या. "मी तो देणार आहे, हेही काढलं वाटतं कुठून तरी? थांबा, मी दुकानातच विचारते."

फोन कट झाला. दुसऱ्याच क्षणी फळीवरचा फोन बोलू लागला.

"बोला, बाई."

"अहो शिकलगार, तुमचं तोंड लावून कोणीतरी मला..."

इलाहींनी झडप घालून तो फोन तोंडाशी धरला. "बाई, त्याचं ऐकू नका! तंबोरा देऊ नका!" पण गिऱ्हाइकाला त्रास नको म्हणून हाटघर दुकानातला बाकीचा गोंगाट गाळून टाकायचं, आणि इलाहींचं ओरडणं त्या गोंगाटात गेलं. "बरं झालं विचारलंत," प्रतिवाणी शांतपणे सांगत होती, "असे लोक फार झालेत हल्ली." शमीमने तिरमिरीत फोनच बंद केला. त्याने फक्त दुकानात ऐकू येणं थांबलं. प्रतिवाणी काही त्या फोनमध्ये राहत नव्हती.

शमीमने स्वतःच्या नंबरवरून बाईंना लावून पाहिलं, पण रडवेल्या चेहऱ्याभोवती वलय कसलं हिरवं राहतंय! बाईंनी बापलेकीचे दोन्ही नंबर अडवून टाकले. प्रतिवाणी थांबवायची तर मालकाने स्वतःच्या आवाजात तसं सांगायचं होतं. इलाहींनी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, आवाज नोंदीतल्या मालकाशी जुळत नाही. नोंदीतला मालक अडखळत नव्हता.

मग त्यांनी भिंतीवरचा एक तंबोरा उतरवला. त्याला एका अंगाला किडीचा डाग होता, बाकी तो कुठल्याही उन्हाळ्याला पुरून उरला असता. त्यांनी तो गवसणीत घातला आणि पायांत चपला सरकवल्या.

"अब्बा, निघालात कुठे?"

"अकोल्याला. उद्या पोचतो. हा देतो, तो परत आणतो. आणि दोन्हींची खोड तोंडाने सांगून येतो."

"दारावर कॅमेरा असतो, अब्बा. त्यातही वलय असतं." शमीम दारात आडवी उभी राहिली. "तुम्ही असेच घाबरेघुबरे उभे राहाल. लाल दिसलं तर बाई दार उघडणार नाहीत, पोलिसांना बोलावतील."

इलाहींनी तंबोरा खांद्याला लावला आणि मुलीकडे नीट पाहिलं.

"आणि तू, बेटा? दाराबाहेर मी असा उभा असतो, आणि माझ्याभोवती लाल दिसत असतं, तर तू उघडलं असतंस?"