वळणावर सुटणारा डबा

त्या संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. बाहेर भुरभुर पाऊस पडत होता आणि काउंटरमागे ती त्याच त्या काचा दुसऱ्यांदा पुसत बसली होती. दुकान मावशीचं, पण मावशीचे गुडघे बोलायला लागल्यापासून सगळा कारभार हिच्याकडे आला होता. गावातले निम्मे कान तिला पाठ होते. कुणाचा डावा कान जरा वर, कुणाच्या नाकाला एका बाजूला उतार. दिवसभर ती परक्या माणसांच्या कानामागून बोटं फिरवायची, काडी नीट बसवायची, "आता टोचतंय का?" विचारायची. मग शटर ओढून मागच्या घरात जायची आणि ओट्याशी उभ्यानेच जेवून घ्यायची. मावशी तोवर झोपलेली असे. तिला स्वतःला शेवटचं कधी कुणी हात लावून काही विचारलं होतं, ते तिला आठवत नव्हतं.

दार ढकलून एक उंच माणूस आत आला. चष्म्याच्या काचांवर थेंब होते, तरी ते पुसायचं त्याला सुचलं नव्हतं.

"तुमच्याकडे बारीक पक्कड असेल ना?" त्याने विचारलं.

"असते. चष्मा काढा."

"नाही, चष्मा ठीक आहे. काम... वेगळंच आहे."

त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून काउंटरवर सोडली. आत खेळातल्या मालगाडीचा एक डबा होता, बोटाएवढा, तपकिरी, दारांच्या कड्यांसकट हुबेहूब.

"भाच्यासाठी?" ती म्हणाली.

"भाचा असता तर बरं झालं असतं. सांगायला सोपं गेलं असतं." तो ओशाळून हसला. "माझाच आहे."

नदीवर नवा पूल होत होता, त्यावरचा तो इंजिनिअर. एका गावात पूल उभा राहिला की पुढच्या गावात बदली. भाड्याच्या खोलीत एक गादी, एक खुर्ची, आणि उरलेल्या फरशीवर रूळ. जाईल तिथे मिळेल तो डबा त्याने घेतला होता, त्यामुळे गाडीतले कुठलेच दोन डबे एका कंपनीचे नव्हते.

"कपलिंग जमत नाही एकमेकांशी," तो म्हणाला. "ह्याचा आकडा त्याच्या कडीत अडकायला हवा. पण प्रत्येक कंपनीची उंची वेगळी. सरळ रुळावर चालतात बिचारे, वळण आलं की सुटतात. मग इंजिन एकटंच पुढे निघून जातं आणि मी बघत बसतो."

शेवटचं वाक्य तो विनोदाने म्हणाला होता. तिला मात्र हसू आलं नाही. तिने डोळ्याला भिंग लावलं.

"आकड्याच्या कडेला प्लास्टिकचा पापुद्रा राहिलाय. साच्यातला. म्हणून कडीत नीट बसत नाही." तिने कानशीने तो अलगद घासला. "तेल देऊ?"

"तेल नको, धूळ धरतं. शिसपेन्सिल आहे?"

तिने पेन्सिलीचं टोक किसून ती काळी पूड आकड्याला चोळली. त्याने खिशातून दुसरा डबा काढून समोर धरला आणि दोघांनी आपापला डबा काउंटरवर हळूच पुढे सरकवला. टिक्. इतका बारीक आवाज, की पाऊस जोराचा असता तर ऐकू आला नसता.

"किती झाले?"

"काही नाही. चष्मा तेवढा पुसा आता."

मग तो येतच राहिला. कधी एक डबा, कधी दोन. एखादा डबा मुळातच बसका असे, तेव्हा त्याच्या चाकांच्या गाड्यावर ती फ्रेमच्या स्क्रूचा पातळ वॉशर घालून त्याला उचलून घेई. कधी आकडा केसभर वर वाकवावा लागे. घाईने वाकवला तर तुटे, म्हणून दोघंही श्वास रोखून बसत. बोलणं डब्यांचंच चाले... आणि मधूनच दुसरंही काही.

"आज जेवलात काय?" ती विचारी.

"ब्रेड."

"आणि काल?"

"कालही ब्रेडच. पण काल भाजला होता."

मावशी आतून हाक मारी, "अगं, त्या पूलवाल्याला चहा विचारलास का? की नुसते डबेच जोडताय?"

ती लाल व्हायची आणि तो भिंतीवरच्या फ्रेमा मन लावून बघायचा.

एक दिवस शेवटचा डबा उरला. हिरवा. तो नीट झाला की झालंच, हे तिला कळत होतं. आकडा थोडा तिरका ठेवावा, असंही मनात येऊन गेलं. पण हाताला खोटं काम जमेना. तिने तो इतका नेटका बसवला, की नुसत्या धक्क्याने कडीत जाऊन बसावा. तो "थँक्यू" म्हणून गेला आणि तिने शटर नेहमीपेक्षा लवकर ओढलं. त्या रात्री ओट्याशी उभं राहूनही घास उतरला नाही.

दोन दिवसांनी तो दारात उभा. हातात हिरवा डबा.

"परत सुटतोय," तो म्हणाला. "वळणावर."

तिने डबा भिंगाखाली धरला. आकड्यावर पकडीच्या दातांचे ताजे ओरखडे होते. तिच्या पकडीला दातच नव्हते, काचेवर ओरखडा उठू नये म्हणून.

"हा तुम्ही वाकवलाय," ती म्हणाली.

तो जमिनीकडे बघत राहिला. "यायला दुसरं निमित्त सुचलं नाही."

"निमित्त कशाला लागतं?"

"मला वाटलं... लागत असेल." मग हळू आवाजात, "पूल झालाय. सोमवारी निघायचंय. तू मला आवडतेस... तुम्ही आवडता, असं सांगायचं होतं. आणि जाता जाता सांगणं बरं दिसत नाही, हेही कळतंय."

ती काउंटरला वळसा घालून बाहेर आली. त्याला खुर्चीवर बसवलं, चष्मा काढून काड्या उगाच जराशा सारख्या केल्या आणि परत चढवला. बोटं त्याच्या कानामागे गेली आणि तिथेच राहिली.

"टोचतंय का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि आपला हात तिच्या हातावर ठेवला.

सोमवारी सकाळी ती दुकान बंद ठेवून बसस्टँडवर गेली. नवं गाव बसने सहा तासांवर होतं. डब्यांचा खोका त्याने सामानात टाकला नव्हता, मांडीवर घेतला होता. खिडकीतून तो काहीबाही सांगत होता, सुट्टीचं, फोनचं, मावशींच्या गुडघ्यांचं. बस सुरू झाली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोचलास की फोन कर."

तो बोलता बोलता थांबला. "काय म्हणालीस?"

बस निघून गेली. ती परत आली, शटर उघडलं. एक आजोबा चष्मा हरवल्याची तक्रार घेऊन आले, तो त्यांच्या डोक्यावरच होता. मग दुपार सरता सरेना. खुर्ची रिकामी होती, काउंटर रिकामा होता. मावशी लंगडत बाहेर आली आणि तिच्याशेजारी बसून राहिली.

दिवे लागायच्या वेळी फोन वाजला.

"पोचलो," तो म्हणाला. मागे रिकाम्या खोलीचा घुमणारा आवाज होता. "आता सकाळसारखं परत बोल."

मावशी कान देऊन ऐकत होती. तरी ती फोनवर म्हणाली, "तू जेवलास का?"